मॅकवर विंडोजचं सॉफ्टवेअर: आधी यूएसबीचं टोक बघा

कळंगुट, हणजुणे, पाळोळे. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही छोट्या गेस्टहाउसच्या रिसेप्शनवर हे दृश्य सापडेल. टेबलावर मॅकबुक, शेजारी दारांच्या कुलपांची कार्डं लिहिणारा चपटा एन्कोडर, आणि खोक्यातून निघालेली सीडी, जी घालायला मॅकला फटच नाही. कुलपं बसवणारा सांगून जातो, "सर, विंडोजचा पीसी लागेल." कामगारांच्या हजेरी मशीनचं तेच, मासळीच्या शीतगृहात तापमान नोंदवत राहणाऱ्या लॉगरचं तेच.

मग घाईघाईने मॅकवर विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर विकत घेतलं जातं आणि यंत्र मागाहून जोडून बघितलं जातं. क्रम उलटा हवा. विंडोजचा प्रोग्राम मॅकवर उघडणं आता फारसं अवघड उरलेलं नाही. गाडी अडते ती ड्रायव्हरपाशी, म्हणजे विंडोजला यंत्राशी बोलता यावं म्हणून लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामपाशी.

कारण असं. नोव्हेंबर २०२० पासून ॲपलने मॅकमध्ये स्वतःच्या एम मालिकेच्या चिप घालायला सुरुवात केली. या चिप आर्म जातीच्या. त्यांच्यावर चालतं ते विंडोजही आर्मचंच लागतं. आर्मवरचं विंडोज ११ इंटेलसाठी लिहिलेले ३२-बिट आणि ६४-बिट प्रोग्राम दुभाष्यासारखं भाषांतर करून चालवतं, आणि बरं चालवतं. पण ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो, तिथे या दुभाष्याला प्रवेश नाही. तिथे आर्मसाठी बांधलेलाच ड्रायव्हर लागतो. म्हणून प्रोग्राम छान उघडतो, खिडकी दिसते, बटणं दाबली जातात, आणि खाली लिहून येतं: डिव्हाइस नॉट फाउंड.

तुमचा मॅक इंटेलचा असेल तर ही अडचण नाही. ॲपलच्या चिन्हावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' उघडा. 'चिप' या शब्दापुढे एम१, एम२ असं काही असेल तर आर्म. 'प्रोसेसर' आणि इंटेल असेल तर जुना. घरात जुना इंटेल मॅक पडून असेल तर ओएलएक्सवर टाकायची घाई करू नका. या कामाला तो नव्या मॅकपेक्षा सरस आहे.

यंत्र स्वतःला काय म्हणवतं?

यंत्र मॅकला जोडा. एम चिपच्या मॅकबुकवर मॅकओएस व्हेंचुरापासून पुढे नवं उपकरण जोडलं की परवानगी विचारणारी चौकट येते. ती नजरेआड झाली तर यंत्राला वीज मिळते, दिवाही लागतो, पण मॅकला ते दिसत नाही. सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'अलाउ ॲक्सेसरीज टू कनेक्ट' तपासून घ्या. दिवाच लागतो आणि बाकी काही नाही, याचं दुसरं कारण वायर. मोबाइल चार्जरबरोबर आलेल्या कित्येक वायरींत डेटाच्या तारा नसतातच.

आता ऑप्शनचं बटण दाबून धरा आणि ॲपलचा मेनू उघडा. पहिल्या ओळीच्या जागी 'सिस्टीम इन्फर्मेशन' दिसेल. त्यात डावीकडे यूएसबी निवडा आणि यंत्राच्या नावाखाली 'व्हेंडर आयडी' वाचा. शून्य-एक्सनंतरची चार अक्षरं कागदावर उतरवा. पुढचा सगळा निर्णय या चार अक्षरांवर आहे.

०४०३ आलं तर आत एफटीडीआयची चिप आहे. तिचा आर्मचा ड्रायव्हर मिळतो, बहुतेक वेळा विंडोज अपडेट स्वतःच आणून बसवतं. १०सी४ म्हणजे सिलिकॉन लॅब्स; त्यांचा 'युनिव्हर्सल' नावाचा सीपी२१०एक्स ड्रायव्हर घ्या, त्यात आर्म आहे. १ए८६ म्हणजे डब्ल्यूसीएच, स्वस्त यंत्रांत हमखास सापडणारं सीएच३४० घराणं. इथे सीडीवरचा जुना ड्रायव्हर फेकून द्या आणि चिप बनवणाऱ्याच्या साइटवरून ताजा उतरवा. ०६७बी आलं की जरा सावध. ही प्रॉलिफिकची चिप. तिच्या जुन्या पिढ्यांना कंपनीने नव्या विंडोजमधून मुद्दाम बाहेर काढलं आहे, आणि बाजारात नकलाही पुष्कळ. अशा चिपवर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या यादीत, यंत्राच्या नावाच्या जागी 'फेज्ड आउट सिन्स २०१२' असं वाक्यच छापून येतं. तिच्याशी झगडत बसू नका. यूएसबी-सिरियलची वायर यंत्रापासून सुटी होत असेल तर एफटीडीआयची नवी वायर घेणं सर्वांत स्वस्त पडतं.

या चारांपैकी काहीच नसेल तर यंत्र कीबोर्डसारखं, म्हणजे एचआयडी म्हणून, ओळखलं जातं का बघा. कार्ड एन्कोडर बरेचदा असेच असतात आणि त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तेही नसेल तर सीडीतल्या किंवा झिपमधल्या ड्रायव्हरच्या फोल्डरात शेवटी आयएनएफ असलेली फाइल शोधा, टेक्स्टएडिटमध्ये उघडा आणि 'एनटीआर्म६४' ही सलग अक्षरं इंग्रजीत शोधा. सापडली तर आशा आहे. फक्त 'एनटीएएमडी६४' असेल तर तो ड्रायव्हर इंटेल जातीचा आहे आणि एम चिपच्या मॅकवर बसणार नाही. यूट्यूबवर सांगतात तसं ड्रायव्हरची सही तपासणं बंद करूनही बसणार नाही. सही हा इथे मुद्दाच नाही, जात वेगळी आहे.

विंडोजशिवाय भागतं का?

हा प्रश्न पैसे खर्च करण्यापूर्वी विचारायचा. बरेच तापमान लॉगर यूएसबीला लावले की पेनड्राइव्हसारखे उघडतात आणि आत पीडीएफ तयार असते. सॉफ्टवेअर लागतं ते फक्त धोक्याची मर्यादा किंवा नोंदीचं अंतर बदलायला, म्हणजे वर्षातून एकदा. नेटवर्कवरच्या हजेरी मशीनना स्वतःचं वेब पान असू शकतं. सफारीत मशीनचा आयपी पत्ता टाकून बघायला काय जातं? ग्रँड आयलंडच्या बाजूला डायव्हिंगला नेणाऱ्यांसाठी तर सबसरफेस नावाचा मोफत, मुक्त स्रोत प्रोग्राम आहे. तो थेट मॅकवर चालतो आणि अनेक कंपन्यांच्या डायव्ह कॉम्प्युटरमधल्या नोंदी उतरवतो. कंपनीचं विंडोज सॉफ्टवेअर तिथे विसरता येतं.

कुठली वाट धरायची

एम चिपच्या मॅकवर नेहमीची वाट म्हणजे व्हर्च्युअल मशीन, मॅकच्या आत विंडोजचा वेगळा संगणक. व्हीएमवेअर फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून धंद्याच्या वापरालाही मोफत आहे. उतरवायला व्हीएमवेअरच्या मालक कंपनीच्या, ब्रॉडकॉमच्या, साइटवर खातं काढावं लागतं आणि तिथे योग्य पान सापडेपर्यंत चहा गार होतो. पॅरलल्स डेस्कटॉप पैशाचं आहे, पण विंडोज स्वतः आणून बसवतं आणि यूएसबीच्या बाबतीत कमी त्रास देतं. १४ दिवस फुकट वापरता येतं. एम चिपच्या मॅकवर आर्मचं विंडोज ११ प्रो आणि एंटरप्राइज पॅरलल्समध्ये चालवायला मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिली. विंडोजचा परवाना मात्र दोन्हीकडे वेगळा घ्यावा लागतो. आमचं मत विचाराल तर आधी फ्यूजनवर यंत्र चालतं का बघा. रोज वापर असेल आणि यूएसबी वारंवार सुटत असेल तर पॅरलल्स घ्या.

क्रॉसओव्हर ही वेगळी चीज. ते विंडोजशिवायच विंडोजचे प्रोग्राम चालवतं, परवाना लागत नाही, डिस्कवर जागाही कमी खातं. पण त्याच्याकडे विंडोजचा गाभाच नाही, त्यामुळे विंडोजचा ड्रायव्हर त्यात बसत नाही. नुसत्या फाइल उघडणाऱ्या किंवा नेटवर्कवरून बोलणाऱ्या प्रोग्रामला ठीक, यूएसबीच्या यंत्राला नको. शिवाय एम चिपवर ते ॲपलच्या रोझेटावर, म्हणजे इंटेलचे प्रोग्राम एम चिपवर चालवणाऱ्या दुभाष्यावर, उभं आहे, आणि रोझेटा पूर्ण स्वरूपात मॅकओएस २७ पर्यंतच राहील असं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे.

इंटेल मॅकवर ॲपलच्याच बूट कॅम्पने थेट विंडोज १० टाकता येतं आणि सीडीवरचे ६४-बिट ड्रायव्हर सहसा तसेच्या तसे चालतात. विंडोज १० ची सुरक्षा मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, म्हणून त्या विंडोजला इंटरनेटपासून दूर ठेवा. एन्कोडरवर कार्डं लिहायला इंटरनेट लागतही नाही.

सहा खोल्यांचं गेस्टहाउस, एक एन्कोडर

आता प्रत्यक्ष कृती. समजा मॅकबुक एअर, १६ जीबी मेमरी, आणि यूएसबी एन्कोडर. आधी जुन्या पीसीवर कुलपांचं सॉफ्टवेअर चालू असेल तर त्याचा डेटाबेस बॅकअप घ्या आणि हॉटेल कोड किंवा सिस्टीम कोड लिहून ठेवा. ही पायरी चुकली तर बाकी सगळं फुकट. नव्या ठिकाणी वेगळा कोड पडला की नवी कार्डं जुन्या कुलपांना परकी होतात, आणि मग बसवणाऱ्याला बोलावून एकेक दार नव्याने शिकवावं लागतं. तेही पाहुणे आत असताना. ऑथरायझेशन कार्ड, मास्टर कार्ड जे काही आलं असेल ते पाकिटात घालून तिजोरीत.

विंडोजला ४ जीबी मेमरी आणि २ कोअर पुरेत. ८ जीबीच्या मॅकवरही ४ च द्या, पण मग क्रोमच्या तीस टॅब बंद ठेवा. डिस्क ६४ जीबीची सांगा; प्रत्यक्षात ती हळूहळू फुगते, तरी मॅकवर ४० जीबी मोकळी असल्याशिवाय सुरुवात करू नका. विंडोज ११ ला टीपीएम म्हणजे सुरक्षेची चिप लागते, म्हणून फ्यूजन व्हर्च्युअल मशीन एन्क्रिप्ट करतं आणि पासवर्ड ठरवायला लावतं. तो विसरलात तर मशीन उघडणार नाही.

विंडोज उभं राहिल्यावर पॅरलल्स टूल्स किंवा व्हीएमवेअर टूल्स बसवा, विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, एकदा रीस्टार्ट करा. त्यानंतरच एन्कोडर जोडा. मॅक की विंडोज, असा प्रश्न येईल. विंडोज निवडा आणि निवड कायमची लक्षात ठेवायला सांगा. नाहीतर दर वेळी रिसेप्शनवरचा मुलगा घाईत 'मॅक' दाबणार आणि तुम्हाला फोन करणार.

डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं उद्गारचिन्ह आणि 'कोड २८' म्हणजे ड्रायव्हर मिळालाच नाही. 'कोड १०' म्हणजे मिळाला, पण यंत्र सुरू होत नाही. वायर किंवा हब बदलून बघा. सगळं ठीक असेल आणि एन्कोडर सिरियल जातीचा असेल तर 'पोर्ट्स' खाली तो कॉम ७ किंवा कॉम ११ अशा नावाने बसलेला दिसेल. इथे एक गंमत असते. जुन्या प्रोग्रामच्या यादीत कॉम १ ते कॉम ४ एवढेच पर्याय असतात. पोर्टवर डबल क्लिक, 'पोर्ट सेटिंग्ज', 'ॲडव्हान्स्ड', आणि कॉम पोर्टचा नंबर बदलून ३ करा. तो नंबर वापरात आहे असं विंडोज म्हणालं तरी बहुतेकदा ती कधीकाळी जोडलेल्या यंत्राची शिळी नोंद असते. डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूत लपलेली उपकरणं दाखवून खात्री करा आणि पुढे जा. त्याच 'ॲडव्हान्स्ड' खिडकीत एफटीडीआय चिपसाठी 'लेटन्सी टाइमर' १६ असतो. कार्ड लिहिताना मध्येच टाइमआउट येत असेल तर तो १ करा.

प्रोग्राम इन्स्टॉल होताना डॉट नेट ३.५ मागेल, ते मागितलं की होय म्हणा. व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या २००८ किंवा २०१० च्या फाइल मागितल्या तर एक्स८६ वाल्या घ्या. विंडोज कुठलंही असो, इथे प्रोग्रामची जात चालते. प्रोग्राम एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस बसवू लागला आणि तिथेच आपटला तर थांबा; एसक्यूएल सर्व्हरला आर्म विंडोजवर आधार नाही. विक्रेत्याला विचारा की ॲक्सेसच्या फाइलवर चालणारी आवृत्ती आहे का. कुलपांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती बरेचदा असते.

आणखी एक न दिसणारा खड्डा. पॅरलल्स विंडोजचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर मॅकच्या फोल्डरांशी जोडून टाकतं. प्रोग्रामचा डेटाबेस तिथे गेला तर त्याला तो नेटवर्कवरचा वाटतो, आणि जुने प्रोग्राम तिथे लिहिताना अडतात किंवा फाइल बिघडवतात. फोल्डर जोडण्याचा हा पर्याय बंद करा, डेटाबेस सी ड्राइव्हवरच राहू द्या, आणि बॅकअपची प्रत तेवढी मॅकवर काढा.

सगळं जुळलं की एका रिकाम्या खोलीचं कार्ड लिहून दारापर्यंत चालत जाऊन उघडून बघा. स्क्रीनवरच्या 'सक्सेस'वर विसंबू नका. मग स्नॅपशॉट घ्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची आत्ताची अवस्था जतन करा; बिघडलं तर तिथे परतता येतं. प्रोग्रामचा परवाना संगणकाच्या ओळखीला बांधलेला असेल तर मशीनची फाइल पुढे दुसऱ्या मॅकवर नेताना 'मूव्ह्ड' निवडा, 'कॉपीड' नको. कॉपी म्हटलं की ओळख बदलते आणि परवाना रुसतो.

हजेरीचं मशीन: यूएसबी नाही, तरी अडतं

नेटवर्कवरच्या मशीनला ड्रायव्हर लागत नाही म्हणून हे काम सोपं समजलं जातं. झेडके या कंपनीच्या पद्धतीच्या मशीनचा मूळ पत्ता १९२.१६८.१.२०१ आणि पोर्ट ४३७० असतो. तुमचा राउटर १९२.१६८.०ने सुरू होणारे पत्ते वाटत असेल तर दोघांची गाठच पडणार नाही. मशीनच्या मेनूतून पत्ता बदला. दुसरी गोष्ट, पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय असेल आणि तुमचा मॅक त्याच वायफायवर असेल तर राउटर मुद्दामच एकाला दुसरं दिसू देत नाही. मॅक आणि मशीन आतल्या नेटवर्कवर घ्या.

प्रोग्राम मशीनकडे जाऊन नोंदी आणत असेल तर व्हर्च्युअल मशीनचं नेहमीचं 'शेअर्ड' नेटवर्क पुरतं. मशीन स्वतःहून नोंदी पाठवत असेल किंवा प्रोग्राम 'सर्च डिव्हाइस' करत असेल, तर 'ब्रिज्ड' निवडा, म्हणजे विंडोज नेटवर्कवर वेगळा संगणक म्हणून दिसतं, आणि त्यात वायफाय की इथरनेट तेही स्पष्ट सांगा. मॅकओएस सेक्वोयापासून पुढे 'लोकल नेटवर्क'च्या परवानगीत पॅरलल्स किंवा फ्यूजन चालू आहे ना, हेही बघा.

लॉगर आणि घड्याळ

मालिम किंवा कुटबणच्या जेटीवरून माल घेणाऱ्या शीतगृहात गोठवलेली मासळी उणे १८ अंशांवर किंवा त्याखाली ठेवायची असते, आणि नोंदीला तारीख-वेळेशिवाय किंमत नाही. लॉगर आपलं घड्याळ जोडलेल्या संगणकावरून लावून घेतो. ताजं टाकलेलं विंडोज कधी कधी अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर उठतं. मग तुमच्या नोंदी हिवाळ्यात साडेतेरा आणि उन्हाळ्यात साडेबारा तास मागे. विंडोजची वेळ भारताच्या साडेपाच तासांच्या पट्ट्यावर ठेवा. मॅकचं झाकण मिटून ठेवलेलं विंडोज जागं झालं की त्याचं घड्याळ क्षणभर मागेच असतं. लगेच 'सिंक' दाबू नका, कोपऱ्यातली वेळ मोबाइलशी ताडून मगच दाबा. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत आवक कमी असते, सगळ्या लॉगरची घड्याळं आणि बॅटऱ्या तेव्हाच उरकाव्यात. पावसात यूएसबीच्या टोकांवर हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला की 'बंद पडलेले' निम्मे लॉगर बोलू लागतात.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

कामगारांची नावं देवनागरीत टाकली आणि प्रोग्रामने ???? दाखवलं तर मॅकला दोष देऊ नका. युनिकोडपूर्व पद्धतीच्या विंडोज प्रोग्रामांसाठी देवनागरीचं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता, नाहीच. 'लँग्वेज अँड रीजन'मधून 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज', तिथून 'चेंज सिस्टीम लोकॅल', आणि यूटीएफ-८ ची 'बीटा' खूण करून बघता येतं. काही प्रोग्राम त्याने सुधारतात, काही मोडतात, म्हणून आधी स्नॅपशॉट. नावं रोमन लिपीत टाकणं हा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय. रीजन मात्र 'इंग्लिश, इंडिया' ठेवा. मराठी निवडलं तर तारीख-वेळेची धाटणी बदलू शकते आणि जुना प्रोग्राम ती वाचताना गडबडू शकतो.

ड्रायव्हर नाहीच मिळाला तर

जुन्या ३२-बिट विंडोजचं एखादं यंत्र महिन्यातून एकदाच लागत असेल, तर यूटीएम नावाच्या मोफत प्रोग्रामने इंटेलचा अख्खा संगणक एम चिपवर नकलून त्यात विंडोज ७ उभं करता येतं. तिथे जुना ड्रायव्हर खरोखर बसतो. वेग मात्र गोगलगाईचा, आणि अशा विंडोजचं नेटवर्क बंदच ठेवायचं.

रोजचं काम असेल तर हा खटाटोप नको. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारातून जुना छोटा डेस्कटॉप घ्या, यंत्र कायमचं त्यालाच लावा आणि मॅकवर मायक्रोसॉफ्टचं मोफत 'विंडोज ॲप' टाकून तो पडदा मॅकवर बघा. पीसीवर विंडोज प्रो हवं, होम आवृत्तीत बाहेरून शिरता येत नाही. 'स्लीप' बंद करा. आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, वीज गेल्यानंतर काय करायचं ही सेटिंग शोधून ती 'पॉवर ऑन'वर ठेवा, म्हणजे जुलैत दिवसाकाठी चारदा लाइट गेली तरी टेबलाखाली वाकून बटण दाबावं लागणार नाही.